करार गावाचा, वाचला कोणी? मोठ्या कंपन्या, सरकार आणि स्थानिक अर्थव्यवस्था

लेखाजोखा:

कंपन्यांचा सरकारवरचा प्रभाव म्हटलं की चर्चा लगेच लाचखोरीकडे वळते. लाच असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण या विषयावर जसजशी वाचत गेले तसतसं माझं मत पक्कं होत गेलं की स्थानिक अर्थव्यवस्थेला सर्वांत मोठी झळ पूर्णपणे कायदेशीर कागदांमुळे बसते. ठराव रीतसर मंजूर होतो, सह्या रीतसर होतात, आणि पुढच्या कित्येक दशकांची जोखीम ज्यांच्या डोक्यावर येते त्यांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. जोखीम कोणाची आणि सही होण्याआधी करार कोणी वाचला, हे दोन प्रश्न घेऊन हा धागा काढते आहे.

पहिलं उदाहरण शिकागोचं. डिसेंबर २००८ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, तिथल्या महापालिकेने शहरातले सुमारे ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीच्या हवाली केले. कंपनीमागे मॉर्गन स्टॅन्लीचा गुंतवणूक निधी होता. शहराला एकरकमी १.१५ अब्ज डॉलर मिळाले. प्रस्ताव सभागृहासमोर आला आणि मोजक्या दिवसांत मंजूर झाला. पाऊणशे वर्षांचा करार वाचायला, समजून घ्यायला नगरसेवकांना एवढाच वेळ! पुढच्याच वर्षी शहराचा कारभार तपासणाऱ्या महानिरीक्षकांनी हिशेब मांडला, तेव्हा मीटर शहराकडेच राहिले असते तर त्यांचं मूल्य सुमारे २.१३ अब्ज डॉलर झालं असतं असं दिसलं. म्हणजे जवळजवळ निम्म्या किमतीत सौदा झाला होता. आलेल्या पैशातला बराचसा भाग पुढच्या काही वर्षांतच अंदाजपत्रकातली तूट बुजवण्यात संपला.

पण किमतीपेक्षा मला त्या करारातलं एक कलम जास्त गंभीर वाटतं. दुरुस्तीसाठी, उत्सवासाठी, बससाठी वेगळी मार्गिका आखण्यासाठी शहराने मीटर असलेल्या जागा ठरावीक मर्यादेपलीकडे बंद ठेवल्या, तर बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई शहराने कंपनीला द्यायची. रस्ता शहराचा, दुकानं शहराची, ग्राहक शहराचे, आणि तो रस्ता कसा वापरायचा हे ठरवताना पहिला विचार भरपाईचा. हे २०८३ पर्यंत चालणार आहे. ज्यांच्यावर हे ओझं येणार त्यांतले कित्येक जण २००८ मध्ये जन्मालाही आले नव्हते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्याचं. २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तिथे १० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १३,००० नोकऱ्या जाहीर केल्या. बदल्यात राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. या 'करसवलती' होत्या असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. तिथल्या कारखानदारांना राज्याचा आयकर आधीच जवळजवळ लागत नव्हता, त्यामुळे यातली बरीचशी रक्कम थेट रोखीने द्यायची होती. राज्य विधिमंडळाच्याच वित्त विभागाचा अंदाज होता की सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी राज्याचे पैसे वसूल व्हायला २०४२-४३ उजाडेल. माउंट प्लेझंट या छोट्या गावाने कर्ज काढून रस्ते केले, पाण्याची सोय केली, जमिनी घेतल्या. चांगली नांदती घरं असलेला भाग कागदोपत्री 'मोडकळीला आलेला' ठरवला गेला. २०२१ मध्ये करार बदलला तेव्हा आकडे होते ६७.२ कोटी डॉलर गुंतवणूक आणि १,४५४ नोकऱ्या. घरं तोवर पाडून झाली होती.

या दोन्ही व्यवहारांत कोणी पैसे खाल्ले असा माझा आरोप नाही. नुकसान व्हायला भ्रष्टाचाराची गरजच पडली नाही, हीच मला जास्त काळजीची गोष्ट वाटते.

सरळरेघ:

मांडणी प्रामाणिक आहे, पण एकाच बाजूची वाटली म्हणून लिहितो.

स्थानिक अर्थव्यवस्थेला भांडवल लागतं आणि ते आपोआप येत नाही. एखाद्या भागात काम नसेल, तरुण बाहेर पडत असतील, तर तिथल्या लोकप्रतिनिधीने काय करावं? कंपनी म्हणते, तुम्ही सवलत द्या नाहीतर शेजारी देतोय. अशा वेळी तत्त्वाला धरून बसलं तर कारखाना शेजारी जातो आणि पुढच्या निवडणुकीत लोक याच प्रतिनिधीला जाब विचारतात. आयर्लंडचं उदाहरण घ्या. कमी कराच्या धोरणावर त्या देशाने परदेशी कंपन्या आणल्या आणि गरीब देश म्हणून असलेली ओळख पुसली. फसलेले सौदे निवडून दाखवता येतात, तसे यशस्वीही दाखवता येतील.

लेखाजोखा:

सरळरेघ, तुमचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. दोन गोष्टी सांगते.

'सवलत नसती तर कंपनी आली नसती' हे गृहीतच तपासलं पाहिजे. टिमोथी बार्टिक या अर्थतज्ज्ञाने याच प्रश्नावर झालेले अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये निष्कर्ष काढला की सवलतीमुळे निर्णय फिरण्याचं प्रमाण २ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असतं. म्हणजे चारांतल्या निदान तीन वेळा कंपनी तशीही आली असती. कुशल माणसं, वाहतूक, बाजारपेठेची जवळीक, वीज-पाणी यांवर जागा आधी ठरते आणि मग बोली लावली जाते. ॲमेझॉनने २०१७ मध्ये दुसऱ्या मुख्यालयासाठी प्रस्ताव मागवले तेव्हा २३८ ठिकाणांनी अर्ज केले. जमिनी, कर, वाहतूक, मनुष्यबळ यांची माहिती या सगळ्यांनी आपणहून कंपनीच्या हाती दिली. आपल्याच प्रशासनाने काय देऊ केलंय हे कित्येक शहरांनी स्वतःच्या नागरिकांना सांगायला मात्र नकार दिला. शेवटी निवड झाली ती न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनलगतच्या भागाची, म्हणजे जिथे कुशल मनुष्यबळ आधीच होतं तिथली. न्यूयॉर्कच्या सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलतींवर लोक उघडपणे प्रश्न विचारू लागले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने तिथून माघार घेतली.

आयर्लंडबद्दल माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. १२.५ टक्क्यांचा दर जाहीर होता, सगळ्यांना सारखा होता, संसदेने मंजूर केलेला होता. त्यावर वाद घालता येईल, पण तो उघड धोरणाचा भाग होता. ॲपलचं प्रकरण निराळं. तिथे १९९१ आणि २००७ मध्ये कर खात्याने एका कंपनीपुरते निर्णय दिले, ज्यांच्यामुळे २०१४ मध्ये तिच्या युरोपातल्या नफ्यावर प्रत्यक्ष कर ०.००५ टक्के पडला असं युरोपीय आयोगाने म्हटलं. आयोगाने २०१६ मध्ये १३ अब्ज युरो वसूल करायचा आदेश दिला, तेव्हा आयर्लंडच्या सरकारने कंपनीच्या बाजूने उभं राहून अपील केलं. स्वतःच्या तिजोरीत येणारे पैसे येऊ नयेत म्हणून! सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो आदेश कायम केला. सरकारवर प्रभाव म्हणजे काय याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

याच देशातल्या एखाद्या छोट्या उद्योजकाने आपल्यापुरता वेगळा दर मागितला असता तर त्याला कर खात्याच्या दारातूनच परत पाठवलं असतं. मोठ्याला सवलत मिळते तेव्हा तिचा बोजा लहानावर पडतो, कारण रस्ते, शाळा, पाणी यांचा खर्च कमी होत नाही. नव्याने आलेल्याशी स्पर्धा करायची, आणि त्याच्या वाट्याचा करही आपणच भरायचा. स्थानिक धंद्यांचं नुकसान इथून सुरू होतं.

पाणवठा:

चांगला धागा. पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

बोलिव्हियातलं कोचाबांबा. १९९९ मध्ये शहराची पाणीव्यवस्था ४० वर्षांसाठी आग्वास देल तुनारी या कंपनीला दिली गेली. तिच्यामागे अमेरिकेची बेक्टेल ही बांधकाम कंपनी होती. निविदेत बोली लावणारी हीच एक. करारात गुंतवणुकीवर ठरावीक परताव्याची हमी होती. त्याच सुमारास २०२९ क्रमांकाचा कायदा झाला, आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांनी स्वतः वर्गणी काढून, श्रमदान करून खोदलेल्या विहिरींवरही कंपनीचा हक्क लागू होण्याची वेळ आली. लोकांच्या संतापाचं मूळ तिथे होतं. दरवाढ तर होतीच, जानेवारी २००० मध्ये काहींची बिलं दुप्पट झाली. पण जी व्यवस्था सरकारने कधी दिलीच नाही, लोकांनी स्वतः उभी केली, तीही एका कराराने काढून घेता येते हे कळल्यावर शेतकरी, कामगार, शहरी मध्यमवर्ग सगळे एकाच रस्त्यावर आले. आणीबाणी लागू झाली, सतरा वर्षांचा एक मुलगा गोळीबारात गेला, आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला करार रद्द करावा लागला.

यापुढचा भाग लोकांना सहसा माहीत नसतो. करार झाल्यानंतर काही महिन्यांतच कंपनीने आपली नोंदणी केमन बेटांवरून नेदरलँड्समध्ये हलवली होती. नेदरलँड्स आणि बोलिव्हिया यांच्यात गुंतवणूक संरक्षणाचा करार होता, त्याचा आधार घेऊन कंपनीने पुढे आंतरराष्ट्रीय लवादाकडे कोट्यवधी डॉलरची भरपाई मागितली. जगभरातून दबाव आला आणि २००६ मध्ये दोन बोलिव्हियानो या नाममात्र रकमेवर तडजोड झाली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. पाणी परत सार्वजनिक झालं म्हणून सगळं सुरळीत झालं नाही. गळती, अपुरा पुरवठा, व्यवस्थापनातले घोटाळे तिथे पुढेही राहिले. त्यामुळे 'सरकारी म्हणजे चांगलं' असा माझा दावा नाही. पॅरिसने २०१० मध्ये पाणी स्वतःकडे परत घेतलं, तेव्हा पहिल्याच वर्षी सुमारे साडेतीन कोटी युरो वाचले आणि पुढच्या वर्षी दर ८ टक्क्यांनी उतरले. फरक पडला तो लेखापरीक्षणाने आणि लोकांच्या देखरेखीने. नव्या संस्थेच्या कारभारात नागरिकांच्या प्रतिनिधींना जागा दिली गेली.

तिसरा_बाक:

पाणवठा यांनी लवादाचा उल्लेख केलाच आहे, तर तो धागा पुढे नेतो. मला हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग वाटतो.

मेक्सिकोच्या सान लुईस पोतोसी राज्यात ग्वादालकासार नावाची नगरपालिका आहे. मेटलक्लॅड या अमेरिकी कंपनीला तिथे घातक कचरा पुरण्याची जागा उभारायची होती. केंद्र सरकारने परवानगी दिली, स्थानिक नगरपालिकेने बांधकाम परवाना नाकारला. कंपनी नाफ्ता या उत्तर अमेरिकेतल्या मुक्त व्यापार करारानुसार लवादाकडे गेली आणि २००० मध्ये मेक्सिकोला १ कोटी ६७ लाख डॉलर भरायचा आदेश झाला. नगरपालिका त्या खटल्यात पक्षकारच नव्हती. जिच्या निर्णयावर खटला चालला तिला बोलायचा हक्क नाही, आणि पैसे भरायचे देशाने. असं एकदा झालं की पुढच्या वेळी केंद्र सरकार स्थानिक संस्थेला आधीच गप्प करतं. निकालापेक्षा ही भीती जास्त लांबवर पोचते.

श्रीमंत देशांची गतही फार वेगळी नाही. हॅम्बुर्ग शहराने मूरबुर्गच्या कोळसा वीजप्रकल्पावर एल्बे नदीच्या पाण्यासाठी कडक अटी घातल्या. स्वीडनच्या वॅटनफॉल कंपनीने २००९ मध्ये जर्मनीविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे १.४ अब्ज युरोंचा दावा लावला. तडजोडीत अटी सैल झाल्या. गंमत नाही, पुढे २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानेच या प्रकल्पाला परवानगी देताना नैसर्गिक अधिवासांच्या संरक्षणाचा कायदा मोडल्याचा ठपका जर्मनीवर ठेवला. एका मंचावर अटी सैल करायला भाग पाडलं जातं, दुसऱ्या मंचावर पुरेसं संरक्षण दिलं नाही म्हणून दोष येतो. मधे अडकते ती नदीकाठची महापालिका.

सरकार प्रत्येक वेळी हरतंच असं नाही. सिगारेटच्या पाकिटांवरच्या इशाऱ्यांवरून फिलिप मॉरिसने उरुग्वेवर दावा लावला होता. २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला आणि कंपनीला त्याच्या खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यावे लागले. पण खटला सहा वर्षं चालला, आणि तेवढा काळ एका छोट्या देशाला बाहेरून मदत घेऊन लढावं लागलं. ज्यांना ती मदत मिळत नाही ते आधीच माघार घेतात आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

उत्तरायण:

हे सगळे करार मंजूर करणारे लोक निवडून कसे येतात, तिकडेही बघायला हवं.

भारतात २०१७ पर्यंत कंपन्यांनी राजकीय पक्षांना किती देणगी द्यायची याला मर्यादा होती: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्के. २०१७ च्या वित्त कायद्याने ती काढली आणि २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. तोट्यातली कंपनीही देणगी देऊ शकत होती आणि ती कोणी कोणाला दिली हे मतदाराला कळत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली, आणि अमर्याद देणगीची मुभा देणारी ती दुरुस्तीही रद्द केली. मतदाराला माहितीचा हक्क आहे, हा त्या निकालाचा गाभा. अमेरिकेत २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने उलटी दिशा धरली. कंपन्यांना प्रचारावर स्वतंत्रपणे वाटेल तेवढा खर्च करायची वाट पाच विरुद्ध चार मतांनी मोकळी झाली.

यात स्थानिक धंद्याचं काय? देशपातळीवर देणगी देणाऱ्याला देशपातळीवर ऐकणारे कान मिळतात. गावातल्या शंभर छोट्या व्यावसायिकांकडे मिळूनही तो कान नसतो. कायद्याचा मसुदा तयार होत असताना ज्याचा माणूस त्या खोलीत असतो त्याच्या सोयीचा शब्द कायद्यात येतो. बाकीच्यांना कायदा छापून आल्यावर कळतो.

दिवाबत्ती:

उत्तरायण, 'सोयीचा शब्द' याचं एक उदाहरण देते. माझा विषय वीज आणि दूरसंचार.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात चॅटनूगा शहर आहे. तिथल्या सार्वजनिक वीज कंपनीने २०१० मध्ये स्वतःच्या फायबरच्या जाळ्यावर घराघरांत एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट दिलं. खासगी कंपन्या तेव्हा तसं काही देत नव्हत्या. लगतच्या ग्रामीण भागातल्या लोकांनी ते मागितलं. वीज कंपनी द्यायला तयार होती. पण राज्याचा कायदा आड आला: वीजपुरवठ्याच्या हद्दीबाहेर इंटरनेट द्यायचं नाही. नॉर्थ कॅरोलायनातही असंच. विल्सन शहराने २००८ मध्ये स्वतःची सेवा सुरू केली, आणि २०११ मध्ये राज्याने नगरपालिकांच्या अशा सेवांवर जाचक बंधनं घालणारा कायदा केला. मोठ्या केबल कंपन्यांनी त्यासाठी उघड जोर लावला होता. केंद्रीय दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये दोन्ही राज्यांची बंधनं बाजूला सारायचा प्रयत्न केला, तो २०१६ मध्ये न्यायालयात टिकला नाही.

बघा, इथे कंपनीने शहराकडून काहीच घेतलं नाही. शहराला स्वतःसाठी काही करण्यापासून फक्त अडवलं. हिशेबात हे नुकसान कुठेच दिसत नाही, कारण जे उभंच राहिलं नाही त्याची नोंद कोण करणार?

आणि वीज म्हटल्यावर एन्रॉन सोडून कसं चालेल. दाभोळचा वीजखरेदी करार १९९३ चा. जागतिक बँकेने त्याच वर्षी या प्रकल्पाला अर्थसाहाय्य द्यायला नकार दिला होता, तरी करार पुढे रेटला गेला. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे राज्याच्या वीज मंडळाने द्यायचे, देणं डॉलरशी बांधलेलं, त्याला राज्याची हमी आणि हमीला केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन परत आला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच डिसेंबरात एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. लेखाजोखा यांचा 'जोखीम कोणाची' हा प्रश्न या एका करारावर ठेवून पाहा. इंधन महागलं तर जोखीम मंडळाची, रुपया घसरला तर मंडळाची, मागणी कमी पडली तरी मंडळाची.

सरळरेघ:

चर्चा वाचून एक मान्य करतो: जाहीर धोरण आणि एका कंपनीपुरता गुप्त करार यांत फरक केला पाहिजे. माझ्या पहिल्या प्रतिसादात तो नव्हता.

पण व्यवहाराचा प्रश्न उरतोच. छोट्या नगरपालिकेकडे ना वकील, ना वित्ततज्ज्ञ. समोर कंपनीची पन्नास माणसांची फौज. तिने करायचं काय? नुसतं 'सावध राहा' म्हणून भागणार नाही.

लेखाजोखा:

बरोबर आहे, नुसत्या इशाऱ्याचा उपयोग नाही. मला जे ठोस वाटतं ते लिहिते.

विस्कॉन्सिनकडेच परत जाऊ, कारण त्यात दोन्ही प्रकार दिसतात. राज्याच्या सवलती नोकऱ्या आणि गुंतवणूक प्रत्यक्ष झाल्यावरच द्यायच्या होत्या. ठरलेला आकडा गाठला नाही म्हणून राज्याने २०२० मध्ये त्या नाकारल्या. त्या एका अटीने राज्याचे अब्जावधी वाचले. गावाने मात्र रस्ते-पाणी-जमीन यांचा खर्च आधीच करून टाकला होता. तरी गावानेही एक शहाणपणाचं कलम घातलं होतं: कारखाना उभा राहो न राहो, २०२३ पासून मालमत्तेचं मूल्य किमान १.४ अब्ज डॉलर धरून कंपनीने कर भरायचा. त्यामुळे कर्जाच्या हप्त्यांना आधार राहिला. अडचणीत सापडलेल्या या व्यवहारातही जी दोन कलमं गाव-राज्याच्या बाजूने होती त्यांनीच नुकसान रोखलं. ज्या घरांचं भूसंपादन झालं त्यांच्यासाठी तसं काही नव्हतं. म्हणून मी म्हणते की आधी काम, मग पैसा हा नियम जमिनीलाही लागू व्हावा. घर पाडणं हे सर्वांत शेवटचं पाऊल हवं. अमेरिकेतल्या न्यू लंडन शहरात काय झालं आठवा. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केलो खटल्यात विकासासाठी खासगी घरं घ्यायला मान्यता दिली. शेजारी फायझरचं संशोधन केंद्र होतं, त्याच्या भरवशावर सगळी आखणी होती. २००९ मध्ये फायझरने तिथून जायचं जाहीर केलं आणि घरं पाडलेली जागा वर्षानुवर्षं मोकळी पडून राहिली.

वकील नसण्याबद्दल: एकेकट्या नगरपालिकेने तज्ज्ञ नेमायची गरज नाही, अनेकांनी मिळून नेमता येतात. शेजाऱ्यांनी आपसात लढायचं थांबवणं हाही उपाय आहे. कॅन्सस आणि मिझुरी ही दोन राज्यं एकाच महानगराच्या दोन बाजूंना आहेत. वर्षानुवर्षं एकमेकांच्या कंपन्या सवलती देऊन पळवत होती, म्हणजे रस्त्याच्या अलीकडची नोकरी पलीकडे नेण्यासाठी जनतेचा पैसा जात होता. २०१९ मध्ये दोघांनी हे थांबवायचं ठरवलं. युरोपीय संघात तर सरकारी मदतीवर नियंत्रण मूळ करारातच आहे.

आणि सवलतीचा खर्च दिसला पाहिजे. अमेरिकेत सरकारी लेखामानकं ठरवणाऱ्या मंडळाने २०१५ मध्ये नियम केला की करसवलतींमुळे किती महसूल सोडला हे वार्षिक हिशेबात दाखवायचं. त्याआधी कित्येक शहरांना स्वतःलाच माहीत नव्हतं आपण किती सोडतो ते.

पाणवठा:

याला जोडून प्रेस्टनचं उदाहरण द्यावंसं वाटतं. इंग्लंडच्या लँकशरमधलं शहर. सगळी आशा एका ७० कोटी पौंडांच्या बाजारसंकुलावर लावलेली, आणि २०११ मध्ये ती योजना कोलमडली. मग तिथल्या नगर परिषदेने बाहेरून कोणी येण्याची वाट पाहणं सोडलं आणि शहरात आधीच असलेल्या संस्थांकडे पाहिलं: विद्यापीठ, महाविद्यालयं, पोलीस, गृहनिर्माण संस्था. या सगळ्या मिळून खरेदी किती करतात आणि ती कोणाकडून? २०१२-१३ मध्ये सहा संस्थांच्या खरेदीपैकी ३.८ कोटी पौंड शहरात राहत होते. २०१६-१७ पर्यंत ते ११.१ कोटी झाले. मोठ्या निविदांचे छोटे तुकडे केले, जेणेकरून स्थानिक पुरवठादाराला भाग घेता यावा. कोणाला सवलत दिली नाही, कोणाला बंदी केली नाही.

सरळरेघ:

प्रेस्टनबद्दल शंका आहे. प्रत्येक शहर आपल्याचकडून खरेदी करायला लागलं तर शेजारच्याची विक्री घटते. बेरीज शून्यच ना?

पाणवठा:

काही अंशी खरं आहे, आणि म्हणून तिथे जिल्ह्याचा आकडाही पाहिला जातो. लँकशरमधली याच संस्थांची खरेदी त्या काळात २९.२ वरून ४८.६ कोटी पौंडांवर गेली. म्हणजे शेजाऱ्याकडून ओढलं असं झालं नाही. जी खरेदी दूरच्या मोठ्या ठेकेदारांकडे जात होती त्यातली काही परिसरात आली. नफा जिथे राहतो तिथेच तो पुन्हा खर्च होतो, एवढाच यामागचा विचार. मात्र हे सगळीकडे जमेल असं मी म्हणणार नाही. जिथे मोठ्या सार्वजनिक संस्थाच नाहीत तिथे हा मार्ग तोकडा पडेल.

तिसरा_बाक:

मालमत्तेच्या मूल्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक भर. ग्वाटेमालात १९५२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन सरकारने घेतली. भरपाई किती द्यायची? कंपनीने कर भरताना जे मूल्य स्वतः जाहीर केलं होतं तेवढी, म्हणजे सुमारे ६.२७ लाख डॉलर. कंपनीच्या वतीने मागणी आली दीड कोटीहून जास्त डॉलरची. १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने घडवलेल्या उठावात ते निवडून आलेलं सरकार गेलं आणि जमीन परत कंपनीकडे आली.

आज तोच प्रश्न शांतपणे, न्यायालयात चालतो. अमेरिकेतल्या मोठ्या दालनांच्या कंपन्या म्हणतात, आमच्या चालत्या दुकानाचं मूल्य बंद पडलेल्या रिकाम्या इमारतीइतकंच धरा आणि तसा कर लावा. त्या रिकाम्या इमारतींवर बहुतेकदा त्यांनीच घातलेली अट असते की इथे प्रतिस्पर्ध्याला दुकान काढता येणार नाही, त्यामुळे त्यांची किंमत आणखी पडलेली. मिशिगनमधल्या एस्कनाबा या छोट्या शहराने मेनार्ड्स कंपनीविरुद्ध हा खटला लढवला. २०१६ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली आणि मूल्यमापन पुन्हा करायला सांगितलं.

दिवाबत्ती:

एस्कनाबासारख्या गावाने हे लढवलं याचं मोठं कौतुक वाटतं. बहुतेक गावं वकिलाचा खर्च पाहून परतावा देऊन मोकळी होतात.

लेखाजोखा, एक विचारायचं होतं. असे करार सामान्य माणसाने वाचायला घेतले तर सुरुवात कुठून करावी? शेकडो पानं असतात.

लेखाजोखा:

मुख्य मजकूर शेवटी वाचा. तिथे उद्दिष्टं आणि शुभेच्छाच जास्त असतात. आधी परिशिष्टं काढा आणि चार गोष्टी शोधा: भरपाई कोणत्या प्रसंगी द्यावी लागेल, करार मुदतीआधी मोडायचा तर कोणी किती द्यायचं, हमी कोणी कोणाला दिली आहे, आणि वाद झाला तर तो कोणत्या देशात, कोणापुढे चालेल. शिकागोच्या नगरसेवकांनी यातलं पहिलं कलम नीट वाचलं असतं तरी ते मत द्यायच्या आधी थांबले असते असं मला वाटतं. गुप्ततेच्या नावाखाली ही परिशिष्टंच दाखवायला नकार मिळाला, तर तो नकार लेखी मागा आणि सभागृहात वाचून दाखवायला लावा.